बॅनरलॉर्डमध्ये मोठी लढाई लागली की पीसी मान टाकतो: काय तपासायचं आणि कुठं थांबायचं

‘बाकीचे सगळे गेम चालतात ओ, फक्त बॅनरलॉर्डमध्ये हजाराची लढाई लागली की बंद पडतोय.’ कॅबिनेट काखेत मारून माझ्या पीसी दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या पोरांचं हे ठरलेलं वाक्य. बॅनरलॉर्ड म्हणजे जुन्या काळातल्या सैन्यांच्या लढायांचा गेम, आणि हजाराची लढाई म्हणजे मैदानात एकदम हजार शिपाई. तोवर कुणीतरी विंडोज फॉरमॅट मारून दिलेली असते, ६० जीबीचा गेम नव्यानं उतरवलेला असतो, आणि दोष मात्र जागच्या जागी असतो. कारण सहसा तो गेममध्ये नसतोच. गेम फक्त तो उघडा पाडतो.

आधी लक्षणं नीट बघा. ‘बंद पडतो’ हा एकच शब्द लोक चार वेगळ्या गोष्टींना वापरतात, आणि चारींची औषधं वेगळी आहेत.

एक, पीसी फटकन बंद होतो. स्क्रीन काळी, पंखे थांबले, जणू कुणी प्लग ओढला. कधी आपोआप पुन्हा चालूही होतो. इथं वीज, यूपीएस, एसएमपीएस (कॅबिनेटमधला, सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) किंवा भयंकर गरम झालेला प्रोसेसर बघायचा.

दोन, गेम उडतो पण विंडोज जिवंत राहते. डेस्कटॉप दिसतो, गाणं चालू असेल तर तेही चालू राहतं. इथं मॉड (गेममध्ये बाहेरच्यांनी घातलेली भर), बिघडलेली फाइल, कमी पडणारी किंवा बिघडलेली रॅम.

तीन, लढाई झकास सुरू होते आणि दहा-पंधरा मिनिटांनी फ्रेम घसरत जातात. सेकंदाला ६० चे ४०, ४० चे २०. नकाशावर परत आलं की थोड्या वेळानं सगळं ठीक. ही बहुधा उष्णता. आधी तीच बघा.

चार, एरवी बरं चालतं, पण नवी कुमक मैदानात उतरली की सेकंद-दोन सेकंद सगळं गोठतं. रॅम कमी आहे, किंवा गेम जुन्या हार्डडिस्कवर आहे.

यातलं आपलं कुठलं हे कळलं की निम्मं काम झालं. कळत नसेल तर विंडोजला विचारा. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, विंडोज लॉग्समधलं सिस्टीम बघा. बंद पडलेल्या वेळेला ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद असेल आणि तिच्या तपशिलात बगचेककोड ० असेल, तर विंडोजला निरोप द्यायलाही वेळ मिळालेला नाही. म्हणजे बहुधा वीज तुटली. अशा पीसीला फॉरमॅट मारणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. त्याच सुमाराला ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी असतील तर मात्र प्रोसेसर, रॅम किंवा बोर्डाकडं बोट जातं.

हाच गेम का?

कॅलराडियाच्या, म्हणजे गेममधल्या काल्पनिक मुलखाच्या, नकाशावर फिरताना पीसीला फारसं काम नसतं. लढाई लागली की प्रत्येक शिपाई कुणावर धावायचं, ढाल कधी उचलायची, कुठनं वाट काढायची हे प्रोसेसर ठरवतो. त्यांची चिलखतं, सावल्या, उडणारे बाण ग्राफिक कार्ड काढतं. घोडा हासुद्धा वेगळा जीव म्हणून मोजला जातो. त्यामुळं गेममधल्या खुझाइत राज्याच्या घोडेस्वारांशी गाठ पडली की तेवढ्याच संख्येची लढाई जास्त जड जाते. वेढ्यात शिडीपाशी शेकडो जण एकाच वाटेवर दाटतात, तिथंही प्रोसेसरला घाम फुटतो. गोळीबाराच्या बऱ्याच गेममध्ये ग्राफिक कार्ड राबतं आणि प्रोसेसर निम्मा बसून असतो. इथं दोघं एकदम पूर्ण ताकदीला जातात. तुम्ही सगळ्या तुकड्या निवडून एफ-१, एफ-३ दाबता, चार्ज सुटतो, आणि त्याच क्षणी पीसी दिवसातली सगळ्यात जास्त वीज ओढतो. ‘बाकी गेम चालतात’ याचा अर्थ एवढाच की बाकी गेम इतकं मागत नाहीत.

फुकटातली तपासणी

मुख्य मेनूतून ‘कस्टम बॅटल’ लावा. मोठं सैन्य, दोन्हीकडं घोडेस्वार भरपूर. मोहिमेशी आणि तुमच्या सेव्हशी याचा संबंध नसतो, म्हणून ही चाचणी फार कामाची. इथं दोष दिसला नाही आणि मोहिमेतच दिसतो, तर सेव्ह किंवा मॉड बघायचे. कॅबिनेट उघडायची गरज नाही. इथंही दिसला, तर पुढची प्रत्येक तपासणी याच लढाईवर करा. एकावेळी एकच गोष्ट बदला. एकदम पाच गोष्टी बदलून ‘झालं नीट’ म्हणणारे महिन्याभरात परत येतात, कारण कशानं नीट झालं हे त्यांनाही माहीत नसतं आणि मलाही.

मग सेटिंगमध्ये ‘बॅटल साइज’ बघा. ते २०० पासून १००० पर्यंत जातं आणि मैदानात एकावेळी किती जण उभे राहणार ते ठरवतं. उरलेले कुमक म्हणून मागनं येतात, सैन्य कमी होत नाही. ते ४०० वर आणा. मग एकेक करत ‘फ्रेम लिमिटर’ ६० वर ठेवा आणि मैदानात पडून राहणाऱ्या मृतदेहांची संख्या, म्हणजे ‘नंबर ऑफ कॉर्प्सेस’, कमी करा. एवढ्यानं दोष गायब झाला तर समजा की पीसीची ताकद, गारवा किंवा वीज काठावर आहे. ज्यांना ४०० च्या लढाईत समाधान आहे त्यांनी इथंच थांबलं तरी चालतंय. मला विचाराल तर आठवीनववीतल्या पोराच्या पीसीवर यापुढं पैसे घालू नयेत.

गेमच्या शिफारशीत ८ जीबी रॅम, आयफाइव्ह-९६००के किंवा रायझन ५ ३६००एक्स आणि जीटीएक्स १०६० लिहिलंय. पण ती शिफारस एकट्या गेमसाठी असते. मागं क्रोमचे वीस टॅब आणि डिस्कॉर्ड उघडं ठेवून ८ जीबीत हजाराची लढाई मागू नका.

लक्षण दोन असणाऱ्यांनी मॉडकडं या. आधी डॉक्युमेंट्समधल्या बॅनरलॉर्डच्या फोल्डरातला ‘गेम सेव्ह्ज’ दुसरीकडं कॉपी करून ठेवा. मॉड काढल्यावर त्याच्यावर चालणारी मोहीम उघडेलच असं नाही, आणि दीडशे तासांची मोहीम गेली की माणूस दुकानात येऊन माझ्याकडंच बघतो. मग लाँचरमध्ये सगळ्या मॉडच्या खुणा काढून कस्टम बॅटल लावा. गेमचं अपडेट आपोआप येतं, मॉडवाला त्याच्या सवडीनं नवं करतो, आणि मधल्या काळात दोघांचं पटत नाही. मॉडशिवाय नीट चाललं तर एकेक करून परत लावा. हार्मनी (बऱ्याच मॉडना आधी लागणारा मॉड) असेल तर तो यादीत सगळ्यात वर. झिपमधनं हातानं टाकलेल्या मॉडच्या डीएलएल फाइली विंडोज अडवून ठेवते, तेव्हा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ आहे का बघा.

स्टीममधलं ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी’ जरूर करा, पण त्याच्यावर विसंबू नका. ते गेमच्या मूळ फाइली दुरुस्त करतं. ‘मॉड्यूल्स’ फोल्डरात तुम्ही टाकलेला कचरा तसाच ठेवतं. गेम काढून परत घातला तरी तोच फोल्डर शिल्लक राहतो आणि तोच दोष परत येतो, त्याचं कारण बऱ्याचदा हे.

सी ड्राइव्हवर जागा किती आहे तेही बघा. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर पेजफाइल वाढवते. ड्राइव्ह लाल झाला असेल तर वाढवायला जागाच नाही, आणि गेम उडतो. कुणी ‘स्पीड वाढवायला’ पेजफाइल बंद केली असेल तर ती परत ‘सिस्टीम मॅनेज्ड’ करा.

यूपीएस बाजूला करा

लक्षण एक असेल तर बाकी काही करायच्या आधी पीसी यूपीएसमधनं काढा आणि थेट भिंतीच्या थ्री-पिन सॉकेटात लावा. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डही मध्ये नको. मग तीच लढाई लावा.

फटकन बंद होण्याची ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. घरगुती मॉडेलच्या मागं बारीक अक्षरात साधारण ३६० वॅट छापलेलं असतं. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅटपर्यंत घेतं. त्यात प्रोसेसर, मॉनिटर, पंखे, आणि कुणीतरी त्याच यूपीएसवर लावलेला राउटर आणि स्पीकर. वीज नीट असेपर्यंत हे खपतं. नळाला पाणी सुटायची वेळ झाली की गल्लीतल्या मोटारी एकदम चालू होतात, व्होल्टेज खाली जातं, यूपीएस बॅटरीवर उडी मारतो, आणि तीन वर्षं जुनी बॅटरी ऐन चार्जमध्ये तो भार पेलू शकत नाही. टिक् असा आवाज आणि अंधार. दोष ठरावीक वेळेलाच येतो का, हे घरच्यांना विचारा. ‘संध्याकाळी सात-साडेसातलाच होतं’ असं उत्तर आलं की कॅबिनेट उघडायचं कारणच उरत नाही.

थेट सॉकेटात नीट चाललं तर पीसीला झेपेल असा यूपीएस घ्या. वॅटचा आकडा बघून घ्या, व्हीएचा नाही.

एक गोष्ट मात्र इथंच सांगतो. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. पेठांतल्या जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. सॉकेटला तीन भोकं असतात, वरच्यात वायरच नसते. पीसी बंद करा आणि वायरमनला बोलवा. हे काम पीसीवाल्याचं नाही, आणि यूट्यूब बघून तुमचं तर मुळीच नाही.

ताप मोजा

एचडब्ल्यूइन्फो हे ताप दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ‘सेन्सर्स’ चालू ठेवून लढाई खेळा, बाहेर आल्यावर ‘मॅक्सिमम’चा रकाना वाचा. इंटेलचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांना स्वतःला आवरतात, रायझनचे बरेचसे ९० ते ९५ ला. ‘थर्मल थ्रॉटलिंग’ (तापल्यामुळं वेग कमी करणं) यासमोर ‘येस’ दिसलं की लक्षण तीनचं कारण कागदावर आलं.

आकड्यापेक्षा तो कसा चढला हे जास्त सांगून जातं. हळूहळू, दहा मिनिटांत ६० वरनं ९५ वर गेला, तर हवा अडली आहे: धूळ, बंद पडलेला पंखा, भिंतीला चिकटवलेलं कॅबिनेट. लढाई लागताच दोन-चार सेकंदांत १०० ला टेकला, तर हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर गार ठेवणारा धातूचा ठोकळा, त्याच्यावर नीट बसलेलाच नाही. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या हीटसिंकला चार खुंट्या असतात. त्यातली एक जरी निसटली तरी हाच प्रकार होतो, आणि गाडीवरनं कॅबिनेट नेताना एखाद्या खड्ड्यात ती निसटतेच.

आता धूळ. आपल्याकडची धूळ एका जातीची नाही. मार्च ते मे मध्ये ज्या गल्लीत चटणीचा डंक (मिरची कुटायचं यंत्र) चालतो, तिथल्या पीसीचा पुढचा फिल्टर उघडला की आत तांबूस, तेलकट थर असतो. बोटानं ओढलं तर निघत नाही, पंख्याच्या पात्याच्या कडेला वातीसारखा वळून बसलेला असतो. नुसत्या ब्लोअरनं तो हलत नाही, आधी मऊ ब्रशनं सोडवावा लागतो. काम गच्चीवर करा आणि नाकाला रुमाल बांधा, नाहीतर शिंका मोजत बसाल. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेनं तो भलत्या वेगात फिरला तर बेअरिंग जातं. प्लग काढलेला हवा, हे सांगायला नको.

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या कारखान्याला लागून पीसी असेल तर वेगळी गोष्ट. तिथल्या काळ्या भुकटीत लोखंडाचा कीस असतो आणि तो वीज वाहतो. ब्लोअरनं तो बोर्डाच्या सांध्यात आणखी आत जाऊन बसतो. चुंबकाला भुकटी चिकटली तर हात लावू नका, बोर्ड बाहेर काढून साफ करणाऱ्याकडं द्या.

लॅपटॉपवाल्यांनी गादीवर ठेवून खेळणं सोडावं, मागची बाजू दोन बोटं उचलावी आणि चार्जर लावूनच खेळावं. त्यापलीकडं लॅपटॉप घरी उघडू नये. टचपॅड वर आलं असेल किंवा बूड फुगलं असेल तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि दुकानात न्या.

रॅम

लक्षण दोन आणि चार. पावसाळ्यात आपल्याकडं भिंतींना ओल येते, तशी रॅमच्या सोनेरी पट्टीवरही बारीक काळपटपणा धरतो. स्टिक काढा, शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरनं पट्टी हलक्या हातानं पुसा, रबराचा चुरा झटका आणि दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज येईपर्यंत बसवा. उपाय गावठी वाटतो, पण जुलै-ऑगस्टमधल्या बऱ्याच ‘मेलेल्या’ पीसींना यानंच जाग येते.

चार स्लॉट असतील आणि स्टिक दोनच असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडनं मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवतात. शेजारीशेजारी घातल्या तर रॅम एकाच वाटेनं चालते आणि या गेममध्ये प्रोसेसरला त्याचा फार फटका बसतो. ८ ची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी घाला; मोठ्या लढाईत एवढा फरक दुसऱ्या कुठल्या स्वस्त खर्चानं पडत नाही.

बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम डब्यावरच्या वेगानं चालवायची सेटिंग) चालू असेल तर चाचणीपुरतं बंद करा. रॅम डब्यावर लिहिलेल्या वेगाला टिकत नसेल तर ब्राउझरमध्ये ते कळत नाही, लढाईत कळतं. रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून झोपा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी स्टिक वॉरंटीत पाठवायची, ‘एकच तर आहे’ म्हणायचं नाही.

पेस्ट आणि एसएमपीएस

हीटसिंक काढून नवी पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडं पोचवणारी) लावणं घरी जमतं, पण पूर्वी एकदा तरी कुणाला करताना शेजारी बसून बघितलेलं असावं. एएमडीच्या एएम४ बोर्डावर वाळलेल्या पेस्टमुळं हीटसिंकबरोबर प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा आणि सरळ ओढण्याऐवजी डावी-उजवीकडं फिरवत सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वाटाण्याएवढी नवी टाका. सेकंडहँड घेतलेलं आरएक्स ५८० वगैरे कार्ड क्रिप्टोच्या मायनिंगमधनं आलेलं असू शकतं; त्याची पेस्ट आणि पॅड दुकानातच बदलून घ्या, पॅडची जाडी चुकली तर कार्ड जायचं.

एवढं सगळं होऊन अजूनही फटकन बंद होत असेल तर एसएमपीएस. उघडायचा नाही, फक्त त्याच्यावरचं लेबल वाचायचं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्यावर ‘४५० वॅट’ मोठ्या अक्षरात असतं. तुम्ही १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते बघा आणि १२ नं गुणा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट झाले, आणि प्रोसेसर व ग्राफिक कार्ड दोघंही मुख्यतः त्याच रकान्यातनं जेवतात. आरटीएक्स ३०६० ला कंपनीच ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते, ते उगाच नाही. खात्री करायची तर मित्राचा चांगला एसएमपीएस एका संध्याकाळीपुरता आणा. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा, असेल तर त्याच्या केबलीही त्याच्याच वापरा. दिसायला सारख्या असल्या तरी दुसऱ्या कंपनीच्या केबलच्या पिना वेगळ्या असतात आणि त्यानं डिस्क, बोर्ड जळतात.

इथं हात थांबवा

एसएमपीएसचं झाकण कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीव घेईल एवढा भार राहू शकतो. तो दुरुस्त करून घेण्यापेक्षा नवा घ्या.

जळका वास, काळवंडलेला सॉकेट, गरम लागणारा प्लग, किंवा पीसी लावला की घरातला एमसीबी पडतो: मेन बंद करून वायरमन.

बोर्डावर फुगलेले कपॅसिटर दिसले, लढाईत स्क्रीनवर रंगीत चौकटी किंवा रेघा येऊ लागल्या, किंवा मित्राचा एसएमपीएस आणि दुसरी रॅम घालूनही तेच, तर जाणकाराकडं न्या. ग्राफिक कार्ड वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला. बाहेर कुणी ‘चिप तापवून देतो’ म्हणालं तर देऊ नका. तापवलेलं कार्ड काही आठवडे चालतं, परत मरतं, आणि वॉरंटी गेलेली असते. पुराच्या पाण्यात भिजलेला पीसी वाळवून ‘चालतोय की’ म्हणून वापरात असेल तर तेही आधीच सांगा, लपवू नका. शोधायची जागाच बदलते.

दुकानात येताना कॅबिनेटबरोबर चार गोष्टी लिहून आणा: चारपैकी लक्षण कुठलं, बॅटल साइज किती असताना होतं, एचडब्ल्यूइन्फोचा मॅक्सिमम आकडा, आणि यूपीएसशिवाय चालवून बघितलं का. आणि यूपीएसही घेऊन या.